बिनधुराचा राब

नाना काहीही बोलायच्या आधी खाली वाकत. चिमूटभर माती उचलत, हात खांद्याएवढा वर नेत आणि ती हळूहळू सोडून देत. माती कुठल्या अंगाला जाते ते बघून झालं की मग उत्तर. "आधी वारं बघावं," असं ते म्हणायचे. विचारलेल्या प्रश्नाचा वाऱ्याशी काही संबंध असायला हवा, अशी त्यांची अट नव्हती. दवाखान्यात कधी जायचं, नातीसाठी आलेलं स्थळ बघायला जायचं का, भाजीत मीठ कमी आहे का, सगळ्याची सुरुवात हीच. एकदा मी त्यांना चहाला वर बोलावलं, तर ते आमच्या पार्किंगमध्ये सवयीने वाकले. तिथे सगळीकडे फरशी, माती कुठून मिळणार? "आता कसं सांगू, येतो का न्हाई ते?" असं म्हणाले आणि आले.

असा एखादा माणूस तुमच्याही घरामागे असेल. आमच्या तर अगदी घरामागेच होता. पुनावळ्यात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा पुढच्या बाजूचे फ्लॅट हायवेकडे तोंड करून होते आणि मागच्या बाजूचे नानांच्या खाचरांकडे. खाचर म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं भाताचं शेत. एकेकाळी गावभर खाचरंच होती म्हणे. आम्ही आलो तेव्हा या बाजूला जेमतेम चार-पाच घरांची उरली होती. नवऱ्याला हायवेची बाजू हवी होती, कारण त्याला येणारी-जाणारी वाहनं बघायला आवडतात. मी हट्टाने मागची बाजू घेतली. चाकणच्या कंपनीत दिवसभर खरेदी खात्यात बसून मी पत्रे आणि नट-बोल्टच बघते, घरी आल्यावर तरी डोळ्यांना काही हिरवं दिसावं, एवढाच माझा हिशेब होता.

नाना नुसते शेतकरी नव्हते. चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं गाड्यांना रंग मारला. पहिली पाळी सुटली की घरी येऊन भाकरी खायची आणि खाचरात उतरायचं, दुसरी पाळी असली तर सकाळी खाचर आणि दुपारी रंग. त्यामुळे त्यांच्या शेतीच्या बोलण्यात कारखाना मिसळलेला असायचा. पिकाला ते 'माल' म्हणत. भात झोडल्यावर जे पोकळ दाणे निघतात ते 'रिजेक्शन'. आणि बायको जेवायला हाक मारायला आली की, "सुपरवायझर आल्या," असं आमच्याकडे बघून हळूच सांगत. त्या बाईंना ते ऐकू जायचं, आणि ऐकू जाईल एवढ्याच हळू ते बोलत.

आमची ओळख मात्र भांडणातून झाली. मावळपट्ट्यात भाताचं बी टाकायच्या आधी ती जागा भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, गवत, वर माती असे थर रचायचे आणि चैत्र-वैशाखात पेटवून द्यायचे. याला राब म्हणतात. तणाचं बी जळून जातं, राख मिळते आणि रोपं जोमाने वर येतात. बापजाद्यांपासून चालत आलेली रीत. त्यात गावातला पहिला राब पेटवायचा मान नानांच्या घराचा. त्यांनी माती सोडून वारं बघायचं, काडी लावायची, मग बाकीच्यांनी आपापले राब पेटवायचे.

आता राब काही कागदासारखा भडकून विझत नाही. तो दोन-दोन दिवस धुमसतो. आमच्या सोसायटीत त्या वर्षी सगळ्यांच्या खिडक्या बंद, वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर धुरापेक्षा जास्त धूर. कोणी म्हणालं पोलिसांत जाऊ, कोणी म्हणालं महापालिकेत. शेवटी कमिटीतली 'चांगलं बोलणारी' म्हणून मला खाली पाठवलं. आमच्याकडे चांगलं बोलणारी म्हणजे जिला नाही म्हणता येत नाही ती.

नानांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग माती उचलली, सोडली आणि म्हणाले, "ताई, धूर तर व्हनारच. तुमी फोडनी देता तवा न्हाई का व्हत?"

"आमची फोडणी दोन दिवस चालत नाही, नाना."

यावर ते मनापासून हसले. माणूस आपल्यावर उलटलेल्या बोलण्यालाही हसतो म्हटल्यावर भांडणात काही राम राहत नाही. त्यांनी चहा मागवला आणि पुढच्या वर्षी धूर डोंगराकडे जाईल असंच वारं धरून पेटवीन, असा शब्द दिला. तो त्यांनी पाळला. पुढच्या वैशाखात आमच्या एकाही खिडकीला धुराचा वास लागला नाही. ग्रुपवर माझं कौतुक झालं. खरं कौतुक वाऱ्याचं आणि नानांचं होतं, पण मी ते घेतलं.

त्यानंतर आमच्या सोसायटीची दुसरी विंग उभी राहिली. पहिलीपेक्षाही उंच, आणि दोन्हींच्या मध्ये एक अरुंद बोळ. त्या वर्षीही नानांनी नेहमीच्या जागेवर उभं राहून माती सोडली. माती डोंगराच्या अंगाला गेली. त्यांनी काडी लावली, शेजारचे आपापल्या राबाकडे वळले. थोड्या वेळाने वारं दोन इमारतींच्या मधल्या बोळातून उलटं फिरून आलं आणि जळता पाला उचलून त्याने थेट शेजारच्या पेंढ्याच्या गंजीवर टाकला. ती गंजी नानांच्या वहिनींची होती, म्हणजे त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाच्या बायकोची. त्यांच्या दोन म्हशींची वर्षभराची वैरण तिच्यात होती.

आमच्या वॉचमनने आणि दोन-तीन रहिवाशांनी सोसायटीचा आगीचा पाइप भिंतीवरून ओढत नेला म्हणून गोठा वाचला. गंजी वाचली नाही. वहिनी ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी म्हशी सोडल्या, लांब नेऊन बांधल्या आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या. नाना बांधावर उभे राहून पुन्हा पुन्हा माती सोडत होते. एका कोपऱ्यावर सोडली तर ती एकीकडे जाई, दुसऱ्या कोपऱ्यावर दुसरीकडे. सत्तरीचा माणूस आपल्याच शेतात चारी कोपरे फिरून वारं शोधत होता, आणि मला ते बघवेना.

"माजं चुकलं," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली अख्खी गंजी वहिनींच्या अंगणात नेऊन रचली. वहिनींनी वैरण घेतली, पण बोलणं टाकलं. भावजी म्हणून हाक नाही, सणाला पुरणपोळी नाही, समोर आले तर पदर सावरून वाट बदलायची. नानांना गंजीपेक्षा ते जास्त लागलं होतं.

तेव्हापासून त्यांनी राब सोडला. मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं की यापुढे मी काडी लावणार नाही. पारावर बराच कालवा झाला. तुम्ही नाही पेटवला तर पहिला कोण पेटवणार, न भाजता कधी भात झालाय का, टॉवरवाल्यांना घाबरलात का. गावात एक तरुण कृषी सहायक बाई यायच्या. त्या गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर, कुजलेलं खत घालून न भाजता रोपं कशी करायची ते सांगत. शेताच्या धुरानेही हवा तापते, असंही त्या सांगत. आधी नाना ते एका कानाने ऐकत. आता दोन्ही कानांनी ऐकू लागले.

मी एकदा त्यांना म्हटलं, "नाना, एवढे कारखाने, एवढ्या गाड्या. त्यात तुमच्या चार वाफ्यांच्या धुराने काय होणार?" मला त्यांची समजूत घालायची होती.

ते म्हणाले, "त्यांचा वाटा मोठाच हाय, ताई. पर आपला आपन उचलावा. मी तर तीस वरीस गाड्या रंगवल्या, वर राब बी पेटवला. माजा दोन्हीकडनं हाय."

घरात मात्र वेगळाच वारा होता. नानांचा मुलगा वाळू-खडी पुरवायचा व्यवसाय करतो, मागे भाड्याच्या खोल्या आहेत. माणूस सरळ, कष्टाळू, बापाला उलट न बोलणारा. पण त्याच्याकडे एक पार्टी आली होती. खाचर भरून घेऊन त्यावर गोडाऊनची शेड उभारायची, आणि घरबसल्या भाडं. न भाजता भात घ्यायचं नानांनी ठरवल्यावर त्याने शांतपणे एक बोली केली. या वर्षी रोपं फसली आणि भात हातचा गेला, तर पुढच्या वर्षी शेड. नानांनी माती उचलली, सोडली आणि बोली मान्य केली. वारं कुठे गेलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

प्रश्न खताचा होता, आणि इथे आमची सोसायटी चित्रात येते. ओला कचरा आवारातच जिरवायचा असा नियम झाल्यामुळे आम्ही मागच्या कोपऱ्यात विटांचे हौद बांधले होते. त्यात काय होत होतं हे कोणालाच नीट कळत नव्हतं. वास यायचा, चिलटं व्हायची, आणि सहा महिन्यांनी काळं-काळं काहीतरी निघायचं. नाना ते मागायला आले तेव्हा कमिटीला स्वर्ग दोन बोटं उरला. उत्तम खत आहे, अगदी तयार आहे, असं आम्ही छातीठोक सांगितलं आणि दोन टेम्पो भरून ब्याद त्यांच्या शेतात पोचवली. दिसायला काळं होतं, हाताला भुसभुशीत लागत होतं. नानांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला.

मृग लागायच्या सुमारास त्यांनी वाफ्यांवर बी टाकलं. थोड्या दिवसांत कोंब वर आले. पुढे आणखी काही कोंब वर आले. मी गॅलरीतून बघत होते, मला सगळंच हिरवं आणि छान वाटलं. पारावरच्या लोकांना मात्र हसू आवरेना. भाताच्या वाफ्यांत टोमॅटो उगवले होते. मिरची होती, कोथिंबीर होती, पपई होती, भोपळ्याचे जाडजूड अंकूर होते, आणि या सगळ्यांच्या मधून गवताने आपला संसार थाटला होता. आमच्या शंभर-सव्वाशे स्वयंपाकघरांतली एकही बी मेली नव्हती. आगीने जे काम बिनबोभाट व्हायचं ते आमच्या अर्ध्याकच्च्या खताने केलंच नव्हतं. पारावर म्हणे नानांच्या शेताला 'भाजी मंडई' असं नाव पडलं.

एका शनिवारी नाना आमच्या लॉबीत आले. एका हातात टोमॅटोचं रोप, दुसऱ्या हातात भोपळ्याचं. मला बोलावून घेतलं आणि दोन्ही रोपं समोर धरली.

"ताई, ह्यो तुमचा माल. रिजेक्ट हाय, माघारी घ्या."

मी हसले, तेही हसले. मग ते सोफ्यावर बसले आणि रोपांकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "पोरगं सकाळी शेडवाल्याला घिऊन आलतं. टेप लावून बांध मोजत व्हते."

गॅलरीतून दिसणारं माझं हिरवं जाईल हे तर होतंच, पण या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा जुनी रीत सोडली, ती दुसऱ्याच्या भल्यासाठी सोडली, आणि आमच्या कचऱ्याने त्याला तोंडघशी पाडलं, याचा मला राग आला. त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की आपण शेजाऱ्याच्या शेतात टोमॅटो पेरले आहेत, उद्या सकाळी ते उपटायला यायचं आहे, चहा माझ्याकडून.

रविवार असून लोक आले. आयटीवाले आले, दोन शिक्षिका आल्या, दोनदा फोन केल्यावर माझा नवराही आला. टोमॅटो सगळ्यांना ओळखता येत होता, पण गवत आणि भाताचं रोप यांत कोणालाच फरक दिसेना. पहिल्या पंधरा मिनिटांत आम्ही इतका भात उपटला की नाना डोक्याला हात लावून बांधावर बसले. मग उठून त्यांनी प्रत्येकाला दाखवलं. पान जिथे दांड्याला चिकटतं त्या बेचक्यात बारीक लव असेल तर ते आपलं, गुळगुळीत असेल तर उपटायचं. मंडळी चष्मे कपाळावर चढवून, नाक रोपाला लावून बेचकी तपासू लागली. आमचे एक मॅनेजर तर प्रत्येक रोप उपटायच्या आधी "नाना, हे बघा," म्हणून हाक मारत. नाना दर वेळी चालत जाऊन बघत.

उन्हं चढू लागली तेव्हा बांधावरून वहिनी आल्या. आग लागल्यापासून त्यांनी या शेतात पाऊल ठेवलं नव्हतं. त्या कोणाशी बोलल्या नाहीत. पदर खोचला, एका वाफ्यापाशी बसल्या, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून जेवढं केलं होतं तेवढं पाहता पाहता एकटीने करून टाकलं. नाना दोन वाफे सोडून बसले होते. त्यांचे हात थांबले होते, मान वर होत नव्हती. वाफ्याच्या टोकाला भोपळ्याचे पाच-सहा चांगले वेल होते, आणि त्यांतला एक नानांनी उपटायला धरला होता.

"भावजी, भोपळा उपटू नका," वहिनी म्हणाल्या. "गोठ्यावर चढवीन मी त्यो."

नाना खाली वाकले नाहीत, माती उचलली नाही, वारं बघितलं नाही. "व्हय, वहिनी," लगेच म्हणाले. आणि ते वेल मुळांच्या मातीसकट अलगद काढून त्यांनी स्वतः गोठ्याच्या कडेला नेऊन लावले.

नंतर दोन रविवार आम्ही पुन्हा उतरलो. रोपं तगली. लावणी झाली. बांधांवर नानांनी गिरिपुष्पाची झाडं लावली होती, त्यांचा पाला चिखलात तुडवून युरिया निम्म्यावर आणला. अधूनमधून खाचरातलं पाणी काढून टाकत, कायम तुंबलेल्या पाण्यातूनही वाईट वायू निघतो असं त्या कृषी सहायक बाईंनी सांगितलं होतं म्हणून. यावर घरातल्या सुपरवायझरांचा विरोध होता. भात म्हटला की पायाखाली पाणी पाहिजे, असं त्यांचं मत, आणि ते त्या खाचराच्या काठावर उभ्या राहून मोठ्याने मांडत.

भात आला. मागच्या सालापेक्षा थोडा कमी, पण आला. मुलगा झोडणीला स्वतः उभा राहिला. नव्या तांदळाचा भात त्याने जेवताना दोनदा मागून घेतला आणि शेडवाल्याला फोन करून सांगितलं, या वर्षी राहू द्या. नानांनी सोसायटीत प्रत्येकाला वाटीभर तांदूळ पाठवला. माझ्या घरी वाटीवर एक टोमॅटोही होता. त्यांनी बांधाच्या कडेला एक झाड ठेवलं होतं, आठवण म्हणून.

पुढच्या वर्षी आणखी दोन घरांनी राब पेटवला नाही. एकाने पेटवला. मी त्याच्याबद्दल कुरकुर केली तर नानांनी मलाच गप्प केलं. जन्मभर त्याच्यापेक्षा जास्त धूर मी केलाय, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू, असं म्हणाले. शेडचं दर वर्षी निघायचं, आणि दर वर्षी झोडणी झाल्यावर मुलगा म्हणायचा, या वर्षी राहू द्या.

आमचे हौद मात्र नानांनी ताब्यात घेतले. चूक कुठे झाली ते त्यांना सापडलं होतं. ढीग नीट रचला, ओला-सुका मेळ घातला आणि वेळेवर खालीवर केला तर तो आतून तापतो, आणि तापला की बी मरतं. आठवड्यातून दोनदा ते येत, बाही वर करत आणि कोपरापर्यंत हात ढिगात खुपसत. डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहत, आजारी नातवाच्या कपाळावर हात ठेवावा तसे. "ताप हाय," असं म्हणाले की समजायचं, ढिगाचं काम अजून चालू आहे. ताप पुरता उतरेपर्यंत एक घमेलंही उचलू देत नसत. मला शिकवायचं म्हणून त्यांनी माझाही हात आत घालायला लावला. आतली धग लागली तशी मी दचकून हात मागे घेतला. ते म्हणाले, "भाजतंय आतनं, ताई. ह्यो बिनधुराचा राब." कंपनीची बस पकडायच्या आधी कचऱ्यात हात घालणारी बाई म्हणून माझी सोसायटीत ओळख झाली ती तेव्हापासून.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. कापणी, झोडणी सगळं उरकलं होतं. दोन दिवस अंग मोडून आलं म्हणाले, दवाखान्यात नेलं, आणि परत आणलं ते तसंच. मला ते फार आवडायचे. हे त्यांना सांगायचं राहून गेलं. वहिनी दारात बसून होत्या, त्यांच्या गोठ्यावर भोपळ्याचा सुकलेला वेल तसाच होता.

चैत्र लागला. खाचर उघडं पडलं होतं आणि त्यात कोणीच उतरत नव्हतं. सोसायटीत बोलणं सुरू झालं की आता शेड येणार, मागच्या फ्लॅटचे भाव उतरणार. एका सकाळी गॅलरीतून मला नानांचा मुलगा बांधावर उभा दिसला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो हळूहळू चालत गेला. मोजतोय, असं मला वाटलं. मी आत जाऊन डबा भरू लागले, कारण मला ते बघायचं नव्हतं.

थोड्या वेळाने वॉचमनने इंटरकॉम केला की खाली कोणी आलंय. मुलगा गेटपाशी उभा होता. हातात टेप नव्हता, घमेलं होतं.

"मॅडम, खत झालंय का?" त्याने विचारलं. "बी टाकायच्या आदी वाफं भरून ठिवावं म्हनतो."

मी त्याला मागच्या कोपऱ्यात घेऊन गेले. बस यायची वेळ झाली होती, अंगावर ऑफिसचे कपडे होते. मी बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत ढिगात घातला. आत चांगलीच धग होती.

"ताप आहे अजून," मी म्हणाले. "थोडे दिवस थांबावं लागेल."

त्याने घमेलं खाली ठेवलं. मग शर्टाची बाही दुमडली आणि माझ्या शेजारी ढिगात हात घातला. बराच वेळ त्याने तो बाहेर काढला नाही.

"थांबतो की," तो म्हणाला.